सोडलेली मासळी

माझ्या दोघा लाडक्यांनो,

हे मी मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला अवघड नव्हतं आणि तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण यातलं कोणीच इंग्रजीत बोललेलं नाही. त्यांचं बोलणं मी बदललं तर तुम्हाला ती माणसं भेटणारच नाहीत. कुठे अडलं तर बाबांना विचारा.

आत्ताच का लिहिते, तेही सांगते. परवाच्या रविवारी, मुली, तू मला फोनवर तुझा जीवशास्त्राचा धडा वाचून दाखवत होतीस. "आजी, प्रथिनांमधल्या दोनच अमिनो आम्लांत गंधक असतं, सिस्टीन आणि मेथिओनिन," असं तू म्हणालीस आणि मी दार वाजतंय असं सांगून फोन ठेवला. दार वाजलं नव्हतं. सुट्टीत तुम्ही इथे आला होतात तेव्हाही तू विचारलं होतंस की आजोबा इतक्या चवीने मासे खातात आणि आजी शेजारी बसून डाळ-भात का खाते. तेव्हा मी तुझ्या धाकट्या भावाला आणखी पापड वाढले. मी फोन का ठेवला आणि मासळी का खात नाही, या दोन्हींचं उत्तर एकच आहे. ते तुला तुझ्या बाबांकडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून पूर्ण कळावं.

सुरुवात तुझ्या जन्मापासून करावी लागेल. तू फार लवकर जन्मलीस. तुझ्या बाबांचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. फोन आजोबांनी घेतला, आपल्या कारखान्यात, लूमच्या खडखडाटात उभं राहून. भिवंडीत कारखाना म्हटलं की मोठं काही समजू नका. आपल्या घरामागची पत्र्याची शेड आणि तिच्यात थोडे यंत्रमाग, एवढाच तो कारखाना. बाबा पलीकडून रडत होते आणि आजोबांना नीट ऐकू येत नव्हतं. "पोरगी काचेत ठेवली आहे" एवढं त्यांना कळलं. त्यांनी माग बंद करायला सांगितले, स्कूटर काढली आणि कोनला, आपल्या गावी, गावदेवीकडे गेले.

संध्याकाळी मी घरी आले तर ते ओट्यावर बसले होते. ओल्या बोंबलांची टोपली तशीच बाजूला होती.

"मी मासळी सोडली," ते म्हणाले.

"किती दिवस?"

"देवीशी दिवसांची घासाघीस करतात का? सोडली म्हणजे सोडली. मटण, अंडं, सगळंच. अर्धा नवस कशाला?"

हे किती मोठं होतं ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून सांगते. तुमचे आजोबा खाडीकाठचे. बोईट, निवट्या, खाडीची कोलंबी, सुका जवळा, दुपारच्या जेवणात यातलं काही नसेल तर ते "आज उपास आहे का?" असं विचारायचे. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी आदराने पुरणपोळी वाढली होती आणि त्यांनी ती, असं त्यांच्या वहिनी आजही सांगतात, आजाऱ्यासारखी खाल्ली. हा माणूस आयुष्यभरासाठी मासळी सोडून आला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हिशेब चुकता केल्याचं समाधान होतं. मी विज्ञानाची शिक्षिका. नवसाने फुप्फुसं वाढत नाहीत हे मला माहीत होतं. पण त्या संध्याकाळी मी फक्त टोपली उचलून आत नेली.

तू वाचलीस. तुझं वजन वाढलं, तू काचेतून बाहेर आलीस, घरी गेलीस. ते तिथल्या डॉक्टरांमुळे झालं असं मी मानते. ते कोणामुळे झालं यावर आजोबांनी माझ्याशी कधी वाद घातला नाही. ते फक्त पाळत राहिले.

मी मात्र मासळी सोडायची नाही, असा त्यांचा हुकूम होता. बाजारातून तेच आणायचे, साफही तेच करायचे. मी जेवत असताना ते समोर बसून डाळ-भात खायचे आणि लांब श्वास घ्यायचे. "वासाला नवस नाही," असं म्हणायचे. मी रागावले की त्यांच्या वहिनी, म्हणजे तुमची मोठी आजी, हसायच्या. "खाऊ दे गो त्याना वास. त्याला काटे न्हाय."

आता तुझ्या धड्याकडे येते. मेथिओनिन शरीराला स्वतः बनवता येत नाही. ते अन्नातूनच घ्यावं लागतं. मासे, अंडी, दूध यांत ते भरपूर. तिळातही चांगलं असतं. डाळीत कमी असतं, पण भात ती उणीव थोडी भरून काढतो, म्हणून आपल्या डाळ-भाताची जोडी शहाणी आहे. हे मी वर्गात शिकवायचे आणि घरी जेवताना आजोबांना सांगायचे. ते म्हणायचे, "हे मेथिओनिन म्हणजे मेथीची कोण? नणंद?"

म्हणजे डाळ-भात खाऊन त्यांना मेथिओनिन कमी पडलं असं झालं नाही. अडचण पुढची होती. शरीर मेथिओनिन वापरतं तेव्हा मागे होमोसिस्टीन नावाचा पदार्थ उरतो. त्याला पुन्हा मेथिओनिनमध्ये बदलावं लागतं आणि त्या कामाला फोलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व लागतं. बी-१२ मिळतं मासळी, मटण, अंडी, दूध यांतून. भाजीत, डाळीत, भातात ते जवळजवळ नसतं. बरेच शाकाहारी लोक दूध-दह्यावर निभावून नेतात. पण आजोबांना दुधाचा वास लहानपणापासून नको. चहासुद्धा कोरा, गुळाचा. यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो. तो संपत आला तेव्हा कोणाला काही कळलं नाही.

आधी चप्पल हरवायला लागली. कारखान्यातून घरी येताना, म्हणजे अंगण ओलांडताना, त्यांची एक चप्पल मागेच राहायची आणि त्यांना पत्ता नसायचा. लूमवरचे जुने कारागीर, जौनपूरकडचे, दारात येऊन उभे राहायचे. "सेठ, दूसरी वाली हम रख लें? जोड़ी तो आप की बनती नहीं।" सगळे हसायचे, आजोबा सर्वांत जास्त. मग धाग्याची गाठ बोटांना कळेना. कापडावरून नुसता हात फिरवून ते दोष सांगत असत. आता चष्मा लावून पाहायला लागले. "डोळे गेले," म्हणायचे. डोळे ठीक होते.

मग पुतण्याच्या हळदीच्या रात्री कोनला जनरेटर बंद पडला. मांडवात काळोख झाला आणि आजोबा उभ्या उभ्या खुर्च्यांवर कोसळले. दिवे आले तेव्हा पोरं टाळ्या वाजवत होती. "काकांनी पन घेतली आज!" आयुष्यात ज्याने दारूला हात लावला नाही तो माणूस खुर्च्यांमधून उठत म्हणाला, "घेतली, तुमच्या बापाकडचीच घेतली." सगळा मांडव हसला. मी हसले नाही. अंधारात पायाखालची जमीन कळत नसेल तर माणूस असाच पडतो, हे मला त्या वेळी सुचलं नाही. मला एवढंच दिसलं की उठल्यावरही त्यांनी खुर्ची सोडली नव्हती.

मोठ्या आजीने निदान करून टाकलं. "वात हाय. अकलोलीला न्या. गंधकाच्या पान्यात पाय सोडले का वात जातो."

अकलोलीची गरम पाण्याची कुंडं तुम्ही पाहिली आहेत, धाकट्या, तू नाक धरून "इथे कोणी अंडं फोडलं?" असं विचारलं होतंस. आम्ही तिघे गेलो. एका कुंडातलं पाणी कोमट, एकातलं गरम, आणि एक असं की लोक पाय बुडवतात आणि ओरडून वर घेतात. आजोबा त्या तिसऱ्याच्या काठावर बसले आणि पाय घोट्यापर्यंत सोडून गप्पा मारू लागले. शेजारचा एक माणूस त्यांच्याकडे बघतच राहिला.

"काका, भाजत नाही?"

"अरे, शेतात अनवाणी फिरलेले पाय आहेत. तुमची पिढी चपलेतली."

मोठी आजी अभिमानाने माझ्याकडे पाहत होती. मी वाकून पाण्यात बोट घातलं आणि झटकन बाहेर काढलं. मग त्यांच्या खांद्याला धरून ओढलं. पाय वर आले तेव्हा लालबुंद होते आणि परतीच्या रिक्षातच त्यांवर फोड उठले. आजोबा त्या फोडांकडे दुसऱ्या कोणाचे पाय असावेत तसं पाहत होते. "दुखत नाही गं," ते मला समजावत राहिले. "खरंच दुखत नाही." मला धीर देण्यासाठी ते तसं म्हणत होते, आणि त्यांच्या प्रत्येक "दुखत नाही"ने माझा धीर जात होता.

डॉक्टरांनी भाजलेल्यावर मलम दिलं आणि रक्त तपासायला सांगितलं. बी-१२ फार कमी निघालं. होमोसिस्टीन खूप वाढलेलं निघालं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी ते शब्द सोपे करून सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, मला माहीत आहे. आजोबा म्हणाले, "हिला माहीत आहे. मला सांगा." मग मीच सांगितलं, त्यांच्या भाषेत. (कांडी म्हणजे आडव्या धाग्याचं छोटं रीळ, आणि ते पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावतो तो धोटा.)

"लूमवर धोट्यातली कांडी संपली की काय करता?"

"रिकामी काढतो. भरलेली घालतो."

"आणि रिकाम्या कांड्या?"

"कांडीवाला नेतो, भरून आणतो."

"तो आलाच नाही तर?"

"रिकाम्या कांड्यांचा ढीग होईल. पायात येतील." त्यांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. "म्हणजे माझा कांडीवाला आला नाही होय?"

"नाही आला," मी म्हटलं. "आणि ढीग नसांच्या आणि रक्तवाहिन्यांच्या वाटेत पडला आहे."

डॉक्टर म्हणाल्या, इंजेक्शनं देऊ, आणि मासे-अंडी सुरू करा. आजोबांनी हात जोडले. "इंजेक्शनं द्या." ते औषध लाल असतं. सिरिंज पाहून ते मला म्हणाले, "हे तर कोलंबीचं कालवण दिसतंय. नवस मोडतोय की काय?" हे जंतूंच्या मदतीने बनवतात, प्राण्यांपासून नाही, असं मी सांगितल्यावरच त्यांनी दंड पुढे केला.

पाय पुष्कळसे सुधारले. चप्पल पायात राहू लागली. बोटं तेवढी सुधारली नाहीत. आणि दुसरं एक सुरू झालं, ते थांबलं नाही. कारखाना विकून दोन वर्षं झाली असतानाही ते सकाळी लूम चालू करायला निघायचे. दापोड्याच्या आपल्या शेतात भात पेरायचा आहे म्हणायचे, तिथे आता गोदाम उभं आहे. औषध उशिरा पोचलं म्हणून हे झालं, की विसरण्याचा आजार वेगळाच आहे, की वय, की त्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या, ज्यांनी बी-१२ आणखी घटतं, की हे सगळं मिळून? डॉक्टर म्हणाल्या, छातीवर हात ठेवून कोणी सांगू शकणार नाही. मुली, हे वाक्य मी तुझ्यासाठी मुद्दाम लिहिते आहे. कोणी सांगू शकणार नाही. यात तुझं काही नाही. नवस मोठ्या माणसाने केला, स्वतःच्या खुशीने.

मग तो दिवस आला. मी जेवत होते, माझ्या ताटात तळलेले बोंबील होते, ते समोर आमटी-भात खात होते. त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं.

"मना का न्हाय वाढलं?"

लग्नानंतर त्यांनी माझ्यासाठी शाळेची मराठी शिकून घेतली होती. ती आता हळूहळू सुटत चालली होती आणि खालून त्यांच्या आईची बोली वर येत होती. मी म्हटलं, "तुम्ही सोडली आहे ना मासळी."

"मी? का?"

"नातीसाठी. ती लवकर जन्मली होती ना."

"कोनती नात?"

मी तुझं नाव सांगितलं. तुझा फोटो आणला. त्यांनी तो सभ्यपणे पाहिला, परत दिला आणि पुन्हा माझ्या ताटाकडे पाहिलं. त्या दिवशी मी ताट उचललं. पण हे रोज व्हायला लागलं. मी घरी मासळी आणणं बंद केलं तर शेजारच्या फोडणीचा वास आला की ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. "मी काय केलं गो? मना का शिक्षा?"

मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, यात विचारण्यासारखं काय आहे, द्या, त्यांच्यासाठी चांगलंच आहे. तुझ्या बाबांना विचारलं. ते म्हणाले, आई, तू असं विचारतेस? मोठ्या आजीला मात्र हे ऐकूनच घाम फुटला.

"न्हाय बाय. तो इसारला, देवी इसारली न्हाय. पोरीला काय झालं तर?"

"तिला काय होणार आहे, वहिनी? ती तिथे आहे, धडधाकट आहे."

"मंग वाढ ना. आज वाढ."

मी वाढणार होते. पापलेट आणलंही होतं. त्याच दुपारी बाबांचा फोन आला की तुला ताप आहे आणि हॉस्पिटलमध्ये ठेवलं आहे. साधा ताप होता, लवकरच उतरला. योगायोग कशाला म्हणतात हे मी किती मुलांना शिकवलं आहे. मला हेही माहीत होतं की मी अजून वाढलंसुद्धा नव्हतं. तरी ते पापलेट मी तसंच शेजारी देऊन टाकलं.

एकीकडे तू होतीस आणि एकीकडे ते, दारात उभे, आपला गुन्हा विचारणारे. त्यांनी जे सर्वांत मोठं काम केलं असं त्यांना वाटत होतं, ते त्यांना आठवत नव्हतं. आणि त्यांच्या वतीने ते मोडायचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. मासळी वाढली तर त्यांचा शब्द जातो. नाही वाढली तर म्हातारपणी ते घरात उपाशी नजरेने फिरतात. यात विज्ञानाला काही म्हणायचं नव्हतं.

शेवटी मोठी आजीच म्हणाली, "नवस मोडायचा न्हाय. दुसऱ्यानं अंगावर घ्यायचा." असं खरंच करता येतं का, मला माहीत नाही. कुणाला विचारायला मी गेले नाही. आम्ही दोघी कोनला गेलो. देवळात त्या वेळी कोणी नव्हतं. मोठी आजी देवीशी शेजारणीशी बोलावं तशी मोठ्याने बोलली.

"आई, ही तुझी सून. बी.एस्सी. हाय. तिचा तुझ्यावर इश्वास न्हाय. पन ती शब्दाला पक्की हाय, त्ये मी सांगते. भावजींचा नवस आता हिच्या अंगावर. त्याना मोकळं कर." मग माझ्याकडे वळून, "बोल."

"हो," मी म्हटलं.

परत येताना बोंबील घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी कालवण केलं आणि त्यांच्या पुढे ताट ठेवलं. ते आधी ताटाकडे, मग माझ्याकडे पाहत राहिले.

"आज काय सण हाय?"

"नाही. तुम्हाला आवडतं म्हणून."

बोटांना काटे कळत नाहीत, म्हणून मी शेजारी बसून काटे काढून देत होते. ते हळू खात होते. मध्येच घास हातात धरून थांबले.

"मी काय तरी सोडलेलं ना गो?"

"हो," मी म्हटलं. "आता ते मी सोडलंय."

"कोनासाठी?"

मी तुझं नाव सांगितलं.

त्यांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "चांगलं नाव हाय," ते म्हणाले. "कोनाची पोर?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तो घास खाल्ला. मी पुढचा काटा काढला. मला ताट नीट दिसत नव्हतं, पण काटे बोटांनीच काढायचे असतात.

माझी काळजी करू नका. मी दूध घेते, तीळ खाते, बी-१२ची गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते, आणि दर वर्षी रक्त तपासते. आजोबांना इंजेक्शनही चालू आहे आणि मासळीही. पाय ठीक आहेत. आता त्यांना तुमच्यापैकी कोणाचंही नाव येत नाही, माझंही येत नाही. मासळीचं प्रत्येक नाव येतं. मुली, तू बरी आहेस. नवस चालू आहे.